समोरच्या घराची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे, आणि त्यातही दुसरी. पहिली किल्ली मालकाच्या खिशात फिरते, बाजार बघते, चार माणसांत खुळखुळते. दुसरी कुठेतरी टांगलेली असते. काही वाईट घडलं तरच तिची आठवण निघते. त्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी आहे, तेवढं समजून घ्या. कुलपाचा जन्मच मुळी संशयातून झालेला. त्याच्या पोटात शिरणारी मी काय भोळी असणार?

एका मोठ्या छत्रीखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याने मला घडवलं. कुलपाबरोबर आलेली खरी दुसरी किल्ली मालकाने पहिल्याच आठवड्यात हरवली होती. मालक कोण, तर घड्याळं दुरुस्त करणारे. राईच्या दाण्याएवढे स्क्रू चाळीस वर्षं सांभाळणाऱ्या या माणसाला बोटभर किल्ली सांभाळता आली नाही. किल्लीवाल्याने माझ्या थोरल्या बहिणीला चिमट्यात धरलं, शेजारी मला धरलं आणि कानशीने तिच्यासारखे दात मला काढले. पहिल्या खेपेला मी कुलपात अडले. दुसऱ्या खेपेलाही अडले. तिसऱ्या खेपेला कुलूप खटकन उघडलं आणि तो म्हणाला, "घ्या घड्याळजी. जरा हट्टी आहे, पण दगा देणार नाही." त्याचं हे वाक्य मी सव्वीस वर्षं दागिन्यासारखं मिरवलं. पुढे ते मला टोचलं, ते सांगतेच.

आमची गल्ली म्हणजे बारा घरं. सहा इकडे, सहा तिकडे आणि टोकाला भिंत. गल्लीला पुढे वाट नाही. त्यामुळे आत आलेला माणूस कोणाकडे तरी आलेलाच असतो, आणि कोणाकडे ते कळेपर्यंत बाराही घरांच्या जिवाला चैन नसते. या गल्लीची एक रीत आहे. प्रत्येक घराची दुसरी किल्ली समोरच्या घरात राहते. घड्याळजींच्या समोर शिवणमावशी राहतात. त्या दिवसभर खिडकीत बसून कपडे शिवतात. त्यांच्या मशीनच्या वर, कात्रीशेजारच्या खिळ्यावर मला जागा मिळाली.

किल्ली वापरायचीही रीत होती. आधी तीन हाका मारायच्या. मग दार वाजवायचं. मगच कुलूप काढायचं. आणि बाहेर आल्यावर गल्लीत उभं राहून, आत काय केलं ते मोठ्याने सांगायचं. ऐकायला कोणी असो वा नसो.

एकदा भर दुपारी घड्याळजींच्या घरात नळ चालू राहिला आणि उंबऱ्याखालून पाणी गल्लीत आलं. मावशींनी मला काढलं, नळ बंद केला, फरशी पुसली आणि बाहेर येऊन ओरडल्या, "नळ होता हो चालू! पायपोस वाळत टाकलाय!" दुसऱ्या वेळी घड्याळजींच्या बायकोला, म्हणजे काकूंना, घाईघाईने दवाखान्यात न्यावं लागलं. तपासणीचे जुने कागद घरातच राहिले. ते कागद मी मिळवून दिले. मावशी गल्लीत येऊन म्हणाल्या, "निळी पिशवी नेतेय! कपाट जसं होतं तसं लावलंय!" बऱ्या होऊन परत आल्यावर काकू मला हातात घेऊन म्हणाल्या, "ही किल्ली कसली, ही माझी धाकटी जाऊ." मित्रांनो, पितळेला पाणी सुटत नाही म्हणून बरं.

पुढे काकू गेल्या. घड्याळजींना एकट्याने ते घर खायला उठायचं. शेवटी दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीकडे जायचं त्यांनी ठरवलं आणि घर विकायला काढलं.

तेव्हापासून गल्लीची झोप उडाली. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकावर बारा खिडक्यांतून नजर होती. पहिला आला तो गोदामवाला. त्याने खोल्या बघितल्याच नाहीत, पायांनी लांबीरुंदी मोजली. पिंपं किती मावतील ते तोंडातल्या तोंडात बोलला, हातगाडी वळते का ते बघून गेला. तो गेल्यावर गल्लीने पिंपांचीच धास्ती घेतली. पिंपांत काय असतं ते त्याने सांगितलं नव्हतं.

मग आली एक बाई. चाळिशीच्या पुढची, खांद्याला मोठी पर्स. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि घरही तसंच बघत होती. बोटाच्या पेराने भिंती वाजवल्या. नळ सोडून धार मोजली. कपाटात डोकं घालून वास घेतला. गल्लीने त्याच दिवशी तिचं नाव 'तपासणी' ठेवलं. घड्याळजी स्वतः घर दाखवत होते आणि दारात कंडक्टरकाका उभे होते. हे आमच्या शेजारचे. बसमधून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून माणूस दिसला की त्याला कुठे उतरायचं आहे ते विचारल्याशिवाय राहवत नाही.

"किती माणसं?" काकांनी विचारलं.

"दोन. मी आणि बाबा."

"बाबा काय करतात?"

"आता काही नाही. घरीच असतात."

"आणखी कोणी यायचं आहे?"

"कुठून?"

"नाही, सहज विचारलं."

"सहज कोणी विचारत नाही काका," ती म्हणाली आणि पुढची भिंत वाजवायला गेली.

गल्लीला ती मनापासून आवडली. म्हणजे सगळ्यांनी तिच्यावर संशय घेतला, पण पिंपांपेक्षा माणूस बरा असं एकमताने ठरलं. दुसऱ्या फेरीला तिला तीन घरांतून चहाचं बोलावणं आलं, चौघींनी पाणी कसं भरपूर येतं ते सांगितलं. ती मावशींच्या खिडकीखाली उभी राहून फोनवर वडिलांना सांगत होती, ते मी खिळ्यावरून ऐकलं. "घर चांगलं आहे बाबा. पण माणसं फार गोड बोलतात. मला काही हे लक्षण ठीक दिसत नाही."

मला ती तिथेच पटली.

तोंडी शब्द झाला, कागद व्हायचे राहिले. घड्याळजी सामान घेऊन लेकीकडे गेले. एक जड लाकडी कपाट आणि एक जुनी खुर्ची तेवढी मागे राहिली. तीन आठवडे घर बंद होतं. एके दिवशी खिडक्या उघडायला म्हणून मावशी मला घेऊन आत गेल्या आणि मागच्या खोलीत थबकल्या. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर ओल उठली होती, ताटाएवढी. आतला पाइप पाझरत होता. मावशींनी तिथूनच घड्याळजींना फोन लावला.

"अरेरे," घड्याळजी म्हणाले. "त्या बाईंना सांगून टाका. मला फोनवर बोलणं जमत नाही, तुम्हीच सांगा. पण लपवाछपवी नको हं, मावशी."

"नाही हो, लपवायचं कशाला!" मावशी म्हणाल्या. त्यांच्या मुठीत मी होते. त्या खरंच बोलत होत्या.

कंडक्टरकाकांनी मात्र कपाळाला हात लावला. "सांगा, जरूर सांगा. ती बाई भिंतीला कान लावून घर बघते. ओल म्हटलं की गेली ती. आणि मग समोर पिंपं बघत बसा जन्मभर."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"बोलायचं कुठे? गप्प बसायचं. कागद झाले की आपणच सगळे मिळून भिंत करून देऊ."

मावशींचं दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली. माझ्याकडे बघायचं टाळायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी काका रंगाचा एक डबा घेऊन आले आणि मावशींनी मला खिळ्यावरून काढलं.

त्या दिवशी हाका मारल्या नाहीत. रिकाम्या घराला हाका कशाला, असं स्वतःलाच सांगितलं असेल. मी कुलपात अडले. खरंच अडले, मित्रांनो. पण हट्टी असले तरी मी किल्लीच. मावशींनी जोर लावला आणि मी फिरले. किल्लीवाल्याचं ते 'दगा देणार नाही' मला तेव्हाच टोचलं. त्यांनी ओलीवर रंग फासला. काकांनी कपाट ढकलत आणून त्याच्यापुढे उभं केलं. काका आधी निघून गेले. मागून मावशी बाहेर आल्या, कुलूप लावलं आणि गल्लीत उभ्या राहिल्या. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. सव्वीस वर्षांत प्रथमच त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

आणि वळून बघतात तर समोर ती बाई.

"काय करत होतात आत?"

"खिडक्या... खिडक्या उघडायला गेले होते. कोंदट वास येतो ना."

"खिडक्या तर बंद आहेत."

"पुन्हा लावल्या."

बाईची नजर मावशींच्या हाताकडे गेली. तिथे मी होते. अंगठ्याच्या नखाला पांढरा रंगही होता. तो तिने बघितला की नाही, मला कळलं नाही.

"ही किल्ली तुमच्याकडे कशी?"

"असते."

"असते म्हणजे?"

"इथे समोरच्यांकडे असतेच. रीत आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. घड्याळजींना वाटलं मावशी सांगतील. मावशींना वाटलं घड्याळजींनी सांगितलं असेल. आणि गल्लीला वाटत होतं, यात सांगायचं काय, समोरच्याकडे किल्ली नसेल तर ती असणार तरी कुठे?

बाई हळू आवाजात बोलायला लागली. "एकोणीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली मी, मावशी. प्रत्येक मालकाकडे दुसरी किल्ली असायची. एक जण मी कामावर गेले की नळ गळतो का ते बघायला आत शिरायचा. एकदा लवकर घरी आले, तर दुसरा माझ्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मलाच म्हणाला, आज लवकर कशा? मला मोठं घर नको, उजेड नको. माझ्याशिवाय कोणाला उघडता येणार नाही असं एक दार हवंय. त्यासाठी घेतेय हे घर." मग पर्स खांद्यावर चढवत म्हणाली, "रविवारी बाबांना घेऊन येते. मग काय ते ठरवू."

चार दिवस मी खिळ्यावर होते, पण टांगल्यासारखी नाही, फाशी दिल्यासारखी.

रविवारी सकाळी ती वडिलांना घेऊन आली. गुडघे दोन्ही गेलेले, हातात काठी, पण कापलेले केस आणि घडीचा सदरा असा टापटीप म्हातारा. मावशी घराबाहेरच उभ्या होत्या.

"तुमच्याकडे आहेच किल्ली," बाई म्हणाली. "उघडा की. आम्ही काय, पाहुणे."

मावशींनी मान खाली घालून कुलूप काढलं. म्हातारबुवा उंबऱ्यात क्षणभर थांबले, नाक वर केलं आणि आत आले. मागच्या खोलीत एक खुर्ची होती, तिच्यात बसले, बरोबर कपाटाच्या समोर. दारात अर्थातच कंडक्टरकाका हजर.

"प्रवास कसा झाला? बसने आलात का? बरं, आपण नोकरी कुठे करत होता?"

"नोकरी नाही. रंगारी होतो. चाळीस वर्षं भिंती रंगवल्या."

मित्रांनो, सगळं विचारणाऱ्या काकांनी मागच्या वेळी नेमकं एवढंच पुढे विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसासारखा झाला. मावशींनी म्हाताऱ्याच्या हाताकडे बघितलं. नखांच्या कडेला, धुऊन न जाणारा जुना रंग बसलेला होता.

बाई घरभर फिरली. भिंती वाजवल्या, नळ सोडला, खिडक्या उघडून लावल्या. कपाट उघडून बघितलं, मागे बघायचं तिच्या डोक्यात आलं नाही. परत येऊन वडिलांपुढे उभी राहिली. "मला तरी ठीक वाटतंय, बाबा. घेऊ या?"

"तू बघितलंस ना? मग तूच ठरव." म्हातारबुवा कपाटाकडे बघत म्हणाले.

"चला तर मग. घेतलं."

गल्लीला हवं होतं ते झालं होतं. पिंपं टळली होती. आता कोणी काही बोलायची गरज नव्हती. पण मावशींची मूठ इतकी आवळली, की माझे दात त्यांच्या तळव्यात रुतले.

"थांब बाई," मावशी म्हणाल्या. "नको घेऊस. आधी हे बघ."

त्या कपाटाला भिडल्या. कपाट हलेना. सगळे बघत राहिले. तेव्हा दारातून कंडक्टरकाका पुढे आले आणि दुसऱ्या बाजूने खांदा लावला. "त्या दिवशीही मीच ढकललं होतं," ते बाईकडे न बघता म्हणाले. "यांच्या एकटीने नसतं हललं."

कपाट सरकलं. चार दिवसांत नवा रंग फुगून सुटला होता आणि त्यातून ओल पुन्हा डोकावत होती.

"पाइप पाझरतो," मावशी म्हणाल्या. "घड्याळजींनी सांगा म्हणून बजावलं होतं, त्यांचा दोष नाही. मी लपवलं. तू जाशील आणि गोदाम येईल, म्हणून. खिडक्या उघडायला नव्हते आले मी. रंग लावायला आले होते."

बाईने ओल बघितली. तिच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. मनात म्हणत असेल, बघा, शेवटी हेच निघालं ना! ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. कारण माझाही स्वभाव तसाच, आणि आपला संशय खरा ठरला की कधीच आनंद होत नाही.

म्हातारबुवांनी काठीने फुगलेला रंग टोकरला. "प्लास्टर न खरवडता रंग मारलात. फुगणारच. आणि ब्रश किती ओला तो!"

"तुम्हाला कळलं होतं?" बाईने विचारलं.

"उंबऱ्यातच वास आला. एवढ्यात लावलेला रंग आणि खाली ओल."

"मग बोलला का नाहीत?"

"भिंत काय, मी उद्या उभी करून घेईन. माणसं मला दुरुस्त करता येत नाहीत. तू हो म्हटल्यावर कोण तोंड उघडतंय, ते बघत बसलो होतो."

बाईने बोटाच्या पेराने ती भिंत एकदा वाजवली. मग मावशींकडे वळून तिने हात पुढे केला. मावशींनी मला तिच्या हातात ठेवलं. तिने मला उलटसुलट बघितलं, अगदी रक्ताच्या नळीसारखं उजेडात धरून.

"घर मी घेते," ती म्हणाली. "भिंत दाखवलीत म्हणून घेते. पण कुलूप बदलणार. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे राहतील. तुमची रीत तुम्हाला लखलाभ."

"बरोबर आहे तुझं," मावशी म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही.

"आणि ही ठेवा तुमच्याकडे. आता काही उघडणार नाही ती."

अशी मी बेकार झाले. नवं पोलादी कुलूप आलं. पाइप बदलला, भिंत खरवडली. म्हातारबुवांनी खुर्चीत बसून गवंड्याला इतक्या सूचना दिल्या, की गवंडी दोनदा काम सोडून गेला आणि दोनदा परत आला. माझ्या खिळ्यावर मावशींनी मोजपट्टी टांगली. आता कापडावर ठेवलेले कागदी नमुने वाऱ्याने उडू नयेत, म्हणून त्या मला त्यांच्यावर ठेवतात. उपयोग म्हणाल तर आहे. मान म्हणाल तर एवढाच, की दगडाऐवजी मी.

पण मशीनवरून समोरचं दार सरळ दिसतं. बाई रोज सकाळी कामाला निघाली, की वडिलांना उठायला नको म्हणून बाहेरून कुलूप लावायची. दोनदा ओढून बघायची. दोन्ही किल्ल्या पर्समध्ये. गल्ली बघायची आणि गप्प बसायची. मावशींनी तर त्या दाराकडे बोटसुद्धा दाखवलं नाही कधी. पण दिवसभर खिडकीत बसणारी दोन माणसं समोरासमोर असली, की किती दिवस गप्प बसणार?

"तो निळा जरा जास्तच होतोय, मावशी," म्हातारबुवा गजांतून म्हणायचे.

"तुम्ही भिंतीचं बघा, कापडाचं मला कळतं."

"रंग तो रंगच."

"मग घाला की हा झगा तुम्ही."

एका दुपारी मावशींनी त्यांच्यासाठी चहा नेला. पेला रुंद, गज जवळजवळ. पेला आत जाईना. म्हातारबुवांनी दोन्ही हात गजांतून बाहेर काढले आणि मावशींनी धरलेला पेला बाहेरच धरून, तोंड गजांना लावून चहा प्यायला सुरुवात केली. कंडक्टरकाका जाता जाता ओरडले, "चला, आटपा! कैद्यांना भेटायची वेळ संपली!" म्हातारबुवा इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. मावशीही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाई दिसली. त्या दिवशी लवकर सुटली होती. ती तिथेच थांबली. गजांतून बाहेर आलेले वडिलांचे हात बघत राहिली. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. मग परत आली, कुलूप काढलं, दार नुसतं ओढून घेतलं आणि ते जड कुलूप पर्समध्ये टाकून मावशींच्या खिडकीशी उभी राहिली.

"मावशी, कुलूप मी कामावर घेऊन चाललेय. दार उघडंच आहे. चहा आत जाऊन द्या."

"हाक मारून जाईन," मावशी म्हणाल्या.

"मारा. त्यांना तेवढीच करमणूक."

किल्ली तिने अजून दिलेली नाही. देईल असं मला वाटत नाही. गल्लीतली सगळ्यात संशयी बाई दिवसभर दार उघडं टाकून जाते आणि रक्ताच्या नळ्यांशेजारी आपलं कुलूप ठेवून काम करते, हे मला आजही नीट समजलेलं नाही. मी शेवटी पितळेची.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, घरं घ्याल. बाहेर पडताना कुलूप जरूर लावा. आमच्या जातीचं पोट त्यावरच आहे. फक्त लावण्याआधी एकदा वाकून बघा, आत कोणी बसलेलं आहे का.